पानगळीतली आवराआवर

पानगळीवर लिहिणाऱ्यांनी झाडांकडून फार उपदेश करवून घेतलाय. झाड म्हणे आपल्याला सोडून द्यायला शिकवतं. मोडलेला पाय उशीवर ठेवून खिडकीशी बसायची वेळ आली, तेव्हा मी झाडं अगदी निवांत बघितली आणि मला तरी त्यांच्यात कुणी दानशूर आढळलं नाही. झाड पक्कं हिशेबी असतं. थंड प्रदेशात दिवस लहान होऊ लागले की ते पानातलं हरितद्रव्य मोडीत काढतं आणि नत्र, स्फुरद असलं कामाचं सगळं फांद्यांत नि खोडात परत ओढून घेतं. पानातलं साधारण निम्मं नत्र असं वाचतं. पिवळा रंग पानात आधीपासून असतोच, हिरव्याखाली झाकलेला. लाल रंग मात्र ज्या झाडांना येतो, ती तो बहुतांशी त्याच सुमाराला नव्यानं तयार करतात. निघतानिघता एवढा थाट कशाला, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. मग देठाच्या बुडाशी कमकुवत पेशींचा एक थर तयार होतो, पान तिथून सुटतं, आणि उघड्या जागेवर बुचासारखं आवरण धरतं. शेजारी पुढच्या वर्षीच्या पालवीचा डोळा उन्हाळ्यातच येऊन बसलेला असतो. याला सोडून देणं कसं म्हणायचं? ही आवराआवर झाली.

आवराआवर मला समजते. बरं होणं मात्र समजायला वेळ लागला, कारण ते इतकं कंटाळवाणं असतं हे आधी कुणी सांगत नाही. दुखणं असतं तोवर निदान लोक विचारपूस करतात. प्लास्टर निघालं की सगळ्यांच्या लेखी आपण बऱ्या झालेलो असतो. पायाला ते मान्य नसतं. हाडाचीही एक रीत आहे. मोडल्या जागी आधी मऊ कूर्चा येते, मग तिचं हाड होतं, आणि तेही गरजेपेक्षा जास्त, ओबडधोबड. जादा भाग घासूनपुसून मूळ आकाराला आणायचं काम शरीर पुढे कित्येक महिने, कधी वर्षंही करत राहतं. एक्स-रेमध्ये माझ्या हाडावरचं टेंगूळ बघून मी घाबरले, तर डॉक्टर खूश. हे हवंच होतं, म्हणाले.

घरात तेव्हा सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य होतं, ‘तू बस.’ नवऱ्यानं चहाचा कपसुद्धा उचलू दिला नाही. प्रेमच ते, पण माणसाला अडगळीत टाकायचा याहून सभ्य उपाय मला माहीत नाही. सासूबाईंनी ते ओळखलं. त्यांचं स्वतःचं वय आता कुणी ‘तुम्ही बसा’ म्हणण्याच्याही पलीकडे गेलंय. एका सकाळी त्यांनी पाचोळ्यानं भरलेली पाटी माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाल्या, “काड्या वेचून काढ. पाय मोडलाय, हात नाही.”

त्या आठवड्यात मला खरोखर बरं वाटलं. पानांचं खत करायला अक्कल फारशी लागत नाही: भोकं पाडलेल्या पोत्यात ओली पानं दाबून भरायची, तोंड बांधायचं आणि विसरून जायचं. कुजवायचं काम मुख्यतः बुरशी करते आणि तिला कसलीच घाई नसते. वर्ष, कधी दोन वर्षं. ओल्या पाचोळ्यात हात घातला की वरची पानं गार लागतात, खालची गुळगुळीत, आणि अगदी तळाशी पानाचं नुसतं जाळं उरलेलं असतं, शिरांचं. एकेक जाळी मी उजेडात धरून बघत बसायची. काड्या तशाच राहायच्या. सासूबाई बोलत नसत. परत पाटी भरून आणवत.

पुढे काठी घेऊन अंगणात जाता येऊ लागलं आणि कंद लावायची वेळही आलेली होती. ट्युलिपला वसंतात फुलायचं तर आधी बारा ते सोळा आठवडे थंडी खावी लागते, म्हणून तो आताच मातीत जायला हवा. कंदाच्या उंचीच्या सुमारे तिप्पट खोल, टोक वर. खड्डे नात करत होती. तिचं खुरपं एका कंदावर असं बसलं की त्याचे उभे दोन भाग झाले. ती रडवेली झाली, आणि मी तो अर्धा कंद हातात घेऊन बघतच राहिले. पांढऱ्या, रसरशीत पाकळ्यांच्या आत, अगदी मधोमध, नखाएवढं फिकट फूल बसलेलं होतं. इवलेसे पुंकेसरही दिसत होते. पानं गळताहेत, हवा गारठतेय आणि हा गडी आत तयार होऊन बसलेला!

मी भाविक आहे, पण देवाशी माझं बोलणं आधी फार मोघम असायचं. सगळ्यांना सुखी ठेव वगैरे. पाय मोडल्यावर मागणी लहान होत गेली. आज पायरी उतरता येऊ दे. आज रात्री कूस बदलताना जाग न येऊ दे. इतकं बारीकसारीक मागायची लाज वाटायची, पण एवढं मात्र कळलं की लहान मागितलं तर मिळालेलं लक्षात तरी येतं. त्या दिवशी मी काही मागितलंच नाही. ‘बघितलं मी,’ एवढंच म्हणाले.

गांडुळं मात्र नातीची. पानं ओढून नेताना ती बहुधा निमुळतं टोकच धरतात, म्हणजे पान बिळात सहज शिरतं. हे चार्ल्स डार्विननं बारकाईनं तपासलं होतं. निम्मं आयुष्य प्रकृतीच्या तक्रारींत घालवलेला हा माणूस म्हातारपणी गांडुळांत रमला आणि १८८१च्या ऑक्टोबरात, ऐन पानगळीत, त्यानं त्यांच्यावर आख्खं पुस्तक काढलं. पुढच्या एप्रिलमध्ये तो गेला. गांडुळांना ऐकू येतं का हे बघायला त्याच्या घरी कुंड्यांतल्या गांडुळांपुढे शिट्टी वाजवून झाली, ‘बसून’ नावाचं फुंकून वाजवायचं भलंमोठं वाद्य वाजवून झालं, पियानो झाला, आरडाओरडाही झाला. गांडुळं ढिम्म. पियानोच्या वरच कुंडी ठेवली तेव्हा मात्र सूर वाजताच ती बिळात पळाली, कारण कंप मातीतून त्यांच्यापर्यंत पोचत होता. आजारी म्हातारा, वाद्यं घेऊन जमलेलं घर आणि मधे कुंडीतलं गांडूळ, ही मैफल मला फार आवडते.

नातीलाही आवडली. तिनं लगेच कुंडी आणली, दोन गांडुळं निवडली आणि माउथ ऑर्गन काढला. गांडुळं हलली नाहीत. तिनं अजून जोरात वाजवला. नवरा दाताळं तसंच टाकून आत गेला आणि दार लावून घेतलं. सासूबाई शाल सावरत बराच वेळ ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, “त्यांना बिचाऱ्यांना कान नाहीत गं. आम्हाला आहेत.”