पापेला: शिडाच्या होडीला बांधलेले गाव

इंडोनेशियात, तिमोर बेटाच्या नैर्ऋत्य टोकापलीकडे रोटे हे बेट आहे. कुपांगच्या बंदरातून फेरीबोटीने तेथे जाता येते. बेट कोरडे आहे. पाऊस वर्षातील मोजकेच महिने पडतो, जमीन चुनखडीची आहे, आणि जिकडे पाहावे तिकडे ताडाची झाडे दिसतात. हा ताड आपल्या कोकणात दिसतो तोच. मात्र रोटेमध्ये त्याचा रस आटवून केलेली काकवी पिढ्यानपिढ्या माणसांचे पोट भरत आली आहे आणि वाईट वर्षांत तिनेच अनेकांना जगवले आहे. बेटावरील बहुसंख्य लोक प्रोटेस्टंट ख्रिस्ती असून शेती, गुरे आणि ताड यांवर जगतात. पूर्व टोकाजवळचे पापेला हे गाव मात्र वेगळे आहे. तेथे मशीद आहे, आणि गावातील बहुतेक घराण्यांचे पूर्वज उत्तरेकडच्या सुलावेसी बेटाकडून समुद्रमार्गे आलेले बाजो, बुटोन आणि बुगिस दर्यावर्दी होते. या लोकांकडे शेतजमीन जवळजवळ नाही. त्यांचे शेत म्हणजे दक्षिणेकडचा समुद्र, आणि त्या शेताची मालकी गेल्या पन्नास वर्षांत त्यांना न विचारता बदलत गेली आहे.

पापेलाच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी कलंडलेल्या होड्या पाहिल्या, तेव्हा प्रथम डोळ्यांत भरले ते हे की लांबच्या सफरीच्या होड्यांना इंजिन नव्हते. जवळच्या पाण्यात मासे धरणाऱ्या छोट्या होड्यांना यंत्रे होती. मात्र एक डोलकाठी आणि मोठे शीड असलेल्या, आठवडेच्या आठवडे बाहेर राहणाऱ्या होड्या केवळ वाऱ्यावर चालणाऱ्या होत्या. ही परंपरेची हौस असावी असे बाहेरून आलेल्याला वाटते. खरे कारण एका करारात आहे.

रोटेपासून दक्षिणेला सुमारे दीडशे किलोमीटरवर प्रवाळखडकांनी बनलेले अ‍ॅशमोर रीफ आहे. पापेलाचे लोक त्याला पुलाउ पासिर, म्हणजे वाळूचे बेट, म्हणतात. त्यांचे आजे-पणजे तेथे समुद्रकाकडी (तळाशी राहणारा मऊ अंगाचा प्राणी), शंख आणि मुशी धरण्यासाठी जात, तेथील विहिरींचे पाणी पीत, आणि जे परत येऊ शकले नाहीत त्यांना तेथेच पुरत. त्या कबरी आजही आहेत. ब्रिटनने 1930च्या दशकात हे रीफ ऑस्ट्रेलियाच्या स्वाधीन केले. 1974 मध्ये ऑस्ट्रेलिया आणि इंडोनेशिया यांच्यात समझोता झाला आणि अ‍ॅशमोर, कार्टिअर, स्कॉट, सेरिंगापटम आणि ब्राउज या ठिकाणी पारंपरिक मच्छीमारांना मुभा मिळाली. 1989 मध्ये या ठिकाणांभोवती नकाशावर एक चौकट आखली गेली, आणि तिच्यात येणारी होडी यंत्राविना चालणारी असली पाहिजे असे ठरले. मधल्या काळात, 1983 मध्ये, अ‍ॅशमोर हे निसर्गराखीव क्षेत्र झाले आणि 1988 पासून त्याच्या बहुतेक भागात मासेमारी बंद झाली. आज तेथे वादळात आसरा घेता येतो, पाणी भरता येते, कबरींना भेट देता येते. ज्यासाठी पूर्वज तेथे जात, ते मात्र आता करता येत नाही.

समुद्राच्या सीमेची गुंतागुंत येथेच संपत नाही. 1997च्या पर्थ कराराने पाण्यातील माशांची सीमा आणि समुद्रतळाची सीमा वेगवेगळी आखली. त्यावर सह्या झाल्या, पण तो रीतसर लागू झालेला नाही. त्यातील रेषांप्रमाणे मधला एक मोठा पट्टा असा येतो की तेथील पाण्यात पोहणारा मासा इंडोनेशियाचा आणि त्याच पाण्याच्या तळाशी पडलेली समुद्रकाकडी ऑस्ट्रेलियाची. किनाऱ्यावर जाळे दुरुस्त करणाऱ्या एका वयस्क मच्छीमाराने मला हे सारे वाळूवर बोटाने रेघा ओढून समजावले, आणि त्याच्या रेघा सरकारी नकाशाशी जुळणाऱ्या होत्या. अडाणीपणामुळे हे लोक हद्द ओलांडतात असे मानणाऱ्यांनी त्याच्याशी एकदा बोलावे.

हद्द ओलांडली जाते ती कर्जामुळे. सफरीपूर्वी होडीचा मालक तांदूळ, पाणी, दोऱ्या आणि घरी ठेवण्यासाठी थोडी रक्कम उचल म्हणून देतो. परतल्यावर माल त्यालाच विकायचा, उचल वळती करायची आणि उरेल ते वाटून घ्यायचे. चौकटीच्या आतील रीफवर समुद्रकाकडी विरळ झाली आहे, कारण अनेक गावांचे लोक त्याच थोड्या जागेत उतरतात. रिकाम्या हाताने परतले तर कर्ज वाढते, म्हणून होडी आणखी दक्षिणेला जाते. गस्ती नौकेने पकडले तर माल जप्त होतो, पुष्कळदा होडीही जाळली जाते. खलाशी घरी परत पाठवले जातात आणि उचल तशीच डोक्यावर राहते. मग ती फेडण्यासाठी पुन्हा त्याच मालकाकडे जावे लागते. डहाणू-पालघरकडचे जे खलाशी गुजरातच्या बोटींवर जातात आणि सागरी हद्दीवर पकडले जाऊन कराचीच्या तुरुंगात वर्षे काढतात, त्यांच्या घरच्यांना हे चक्र समजावून सांगावे लागणार नाही.

शिडाच्या अटीबद्दल मला मनापासून राग आला. परंपरा जपण्याच्या नावाखाली येथे जपली जाते ती असहायता. चक्रीवादळाची सूचना मिळाली तरी वारा पडलेला असताना ही होडी हलू शकत नाही. या पाण्यात वादळ काय करते हे एप्रिल 2023 मध्ये दिसले. इल्सा चक्रीवादळात दोन इंडोनेशियन होड्या सापडल्या. एकीचे दहा जण आणि दुसरीचा एकमेव वाचलेला माणूस बेडवेल या वाळूच्या बेटावर सहा दिवस अन्नपाण्याविना अडकले होते, आणि दुसऱ्या होडीवरील उरलेले नऊ जण बुडाले. रीफवरील जीवसृष्टी राखायची तर किती माल काढावा यावर मर्यादा घालता येते. जीव वाचवणारे छोटे यंत्र नाकारण्याची त्यासाठी गरज नाही.

या कोंडीत सापडलेल्या तरुणांना 2009 नंतरच्या वर्षांत दुसरी वाट दाखवली गेली. आश्रय शोधणाऱ्या परदेशी लोकांना अ‍ॅशमोरपर्यंत पोहोचवण्यासाठी दलालांना खलाशी हवे होते, आणि रोटेच्या मुलांना तो मार्ग पाठ होता. पकडले गेल्यावर किमान पाच वर्षांची शिक्षा ठरलेली होती. अनेक अल्पवयीन मुलांना मनगटाच्या क्ष-किरण चाचणीवरून प्रौढ ठरवून मोठ्यांच्या तुरुंगात ठेवले गेले. 2012 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या मानवाधिकार आयोगाने या पद्धतीवर कठोर टीका केली. गावात हा विषय निघाला की आया गप्प होतात, म्हणून मी तो पुन्हा काढला नाही.

रोटेच्या किनाऱ्यावर आशेला जागा आहे ती समुद्रशेवाळाच्या शेतीत. उथळ पाण्यात दोऱ्या ताणायच्या, त्यांना हातभर अंतराने शेवाळाचे तुकडे बांधायचे, तरंगण्यासाठी प्लास्टिकच्या रिकाम्या बाटल्या लावायच्या, आणि साधारण दीड महिन्याने कापणी करून उन्हात वाळवायचे. तुकडे बांधण्याचे काम मुख्यतः बायका करतात आणि त्याचा पैसा बऱ्याच घरांत त्यांच्याच हाती राहतो. या शेवाळापासून निघणारा कॅराजीनन हा घट्टपणा आणणारा पदार्थ आइस्क्रीमपासून टूथपेस्टपर्यंत सगळीकडे वापरला जातो.

हे पीकही दूरच्या घटनेने एकदा उद्ध्वस्त झाले आहे. 21 ऑगस्ट 2009 रोजी ऑस्ट्रेलियाच्या हद्दीतील मोंतारा तेलविहीर फुटली आणि 74 दिवस तेल वाहत राहिले. विहीर रोटेपासून सुमारे अडीचशे किलोमीटर दूर होती, पण शेवाळ पांढरे पडून गळून गेले. थायलंडच्या तेलकंपनीच्या ऑस्ट्रेलियन उपकंपनीविरुद्ध रोटे आणि कुपांगच्या सुमारे 15,000 शेतकऱ्यांच्या वतीने सिडनीत दावा चालला. 2021 मध्ये न्यायालयाने मान्य केले की तेल तेथपर्यंत पोहोचले आणि त्याने पीक मारले. 2022 मध्ये कंपनीने दायित्व न स्वीकारता 19.25 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर देण्याचे कबूल केले. तेरा वर्षे लागली. तोवर कितीतरी मुलांच्या शाळा सुटल्या होत्या.

दोऱ्या बांधत बसलेल्या एका इबूंना (तेथे मोठ्या बाईंना आदराने असे म्हणतात) मी पुढचा बेत विचारला. त्यांच्या मते अडचण पिकाची नसून भावाची आहे. वाळलेले शेवाळ पोत्यात भरून व्यापाऱ्याला द्यावे लागते आणि दर तोच सांगतो. बेटावरच प्रक्रिया झाली, निदान गावाचे स्वतःचे गोदाम असले, तर भाव चढेपर्यंत थांबता येईल. त्यांचा मोठा मुलगा गेल्या मोसमात मालकाच्या होडीवर गेला होता आणि त्याची उचल अजून फिटलेली नाही. येत्या कापणीचे पैसे त्या उचलीत घालायचे आणि त्याला या वर्षी समुद्रावर न पाठवता दोऱ्यांची संख्या वाढवायची, असे त्यांनी ठरवले आहे. त्यासाठी लागणारी नवी दोरी कुपांगहून आणण्याचे पैसे मात्र त्यांना पुन्हा त्याच व्यापाऱ्याकडून घ्यावे लागणार आहेत.