हासून कोन रायलं?

आमच्या गावात मालिका आवडली नाही असं तोंडानं कोणी सांगत नाही. माणूस ढोरांपुढे कुटार टाकायला म्हणून उठतो आणि परत येत नाही, एवढंच. बायांना तर उठायचीही गरज नसते. सासूनं सुनेचं मंगळसूत्र लपवलं असेल तर तांदळाचं सूप खाली ठेवलेलं असतं. पडद्यावर काहीच घडत नसेल तर तेच सूप हातात येतं आणि खडे वेचणं सुरू होतं. यंदाच्या पावसाळ्यात एक नवी विनोदी मालिका आली, तर काकूनं पहिल्याच आठवड्यात तांदळाचं अख्खं पोतं निवडून काढलं.

पहिल्या भागाला मात्र घर भरलं होतं. मालिकेत एक पात्र वरूडचं आहे, हे जाहिरातीतच कळलं होतं. आमचं गाव वरूड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यातलं. टीव्हीवर आमच्या भागाचं नाव निघतं ते बहुतेक बातम्यांत, आणि त्या बातम्या हसण्यासारख्या नसतात. तेव्हा आपल्याकडचा कोणी चार लोकांना हसवणार, याचं अप्रूप होतं. शेजारचे आले, चहा दोनदा झाला, पोट्ट्यांना मोबाइल बाजूला ठेवायला लावले.

मग तो माणूस आला, मालिकेतले काका. मुंबईतल्या भाच्याच्या फ्लॅटमध्ये, गळ्यात दुपट्टा, दारातूनच बोंबलत, दर वाक्याच्या शेपटाला ‘बाप्पा’ लावत. आषाढीला पंढरपुरात जाऊन तो तसाच पुढे मुंबईला आला होता. खांद्यावर लाकडी पेटी, पेटीत संत्री. पिकलेली, केशरी, चकचकीत. खिडकीबाहेर धो धो पाऊस.

“आषाढात संत्रा कुठला आनला यानं?” काकाजी म्हणाले.

यानंतर मालिकेत काय झालं ते आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नाही. अंबिया बहाराचा, म्हणजे हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्याचा, माल ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत निघतो. आषाढात तो झाडावर हिरवागार असतो. मृग बहार तर पावसावर नुकता फुटत असतो, त्याचं फळ हाती येईस्तोवर फेब्रुवारी उजाडतो. कोणी म्हणालं, “कोल्ड स्टोरेजचा असन.” त्यावर काकाजी म्हणाले, “असन तं मंग भाव काय लागला थे सांगाव ना यानं!” त्या संध्याकाळचं पहिलं खरं हसू तिथं फुटलं. पडद्यावर तेव्हा कोणीतरी केळीच्या सालीवरून घसरत होतं, तिकडे कोणाचं लक्षच नव्हतं.

आबाजींचा प्रश्न वेगळाच होता. त्यांना ऐकू कमी येतं, त्यामुळे आवाज मोठा ठेवावा लागतो. दर दोन वाक्यांनी टीव्हीतून हशाचा लोंढा येई आणि ते दाराकडे पाहत. शेवटी म्हणाले, “हासून कोन रायलं हे?”

“टीव्हीतलेच हासतात, आबाजी.”

“पन दिसत तं नाई कोनी.”

दिसणार कुठून? तो हशा भरलेला असतो. अमेरिकेत १९५० च्या दशकात सीबीएसमधल्या चार्ल्स डग्लस नावाच्या ध्वनितंत्रज्ञानं त्यासाठी एक यंत्रच बनवलं होतं. त्यात टाइपरायटरसारख्या कळा; एक दाबली की खुदखुद, दुसरी दाबली की सातमजली हसू. ते यंत्र तो कुलपात ठेवायचा म्हणे, आणि ते बरोबरच होतं. एवढं हसू घरात असल्यावर उघड्यावर कोण ठेवणार? पण भरलेल्या हशाची एक पंचाईत आहे. विनोद जमला तर हा हशा ऐकूच येत नाही. फसला की मात्र लग्नघरी न बोलावता येऊन मधल्या पंगतीत बसलेल्या पाहुण्यासारखा तोच नजरेत भरतो.

आमची वहिनी ब्रह्मपुरीकडची, पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतली. वडसा-देसाईगंजच्या मंडळ्यांची नाटकं रात्र-रात्र पाहून मोठी झालेली. दिवाळीनंतर तिकडे हंगाम सुरू होतो. गावात शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, असल्या की रात्री नाटक ठरलेलं, आणि लोक पहाटेपर्यंत हलत नाहीत. तिचं म्हणणं असं, की खडी गंमत या तिकडच्या लोकनाट्यात हसवणारा लोकांच्या पुढ्यातच उभा असतो. बोलणं पडलं की त्याला तोंडांवरूनच कळतं. मग तो तिथल्या तिथं दुसरं काही काढतो, कोणाच्या तरी फेट्यावर घसरतो, नाहीतर पाटलालाच मधे ओढतो. या मालिकेतल्या काकांना बिचाऱ्यांना कसं कळावं की वरूडकडचे लोक गप्प बसलेत? त्यांना तर हशा ऐकवूनच ठेवलाय.

मला नटाची दयाच येते. दोष रोजच्या रतीबाचा आहे. दूरदर्शनवर १९८४ साली ‘ये जो है ज़िंदगी’ यायची ती आठवड्यातून एकदा. शरद जोशींसारखा व्यंगकार लिहायला, आणि सतीश शहा दर भागात नवा माणूस होऊन यायचे. आता वाहिनीला आठवड्याचे सहा दिवस वीस-बावीस मिनिटं भरून द्यायची असतात. रडणं लांबवता येतं. एक थोबाडीत तीन कोनांतून तीनदा दाखवली तरी चालते. विनोद तीनदा दाखवला की काकाजी बाजारभाव विचारायला लागतात.

आणि तरीही घर रोज भरायला लागलं. ढोरांकडे गेलेलेही परतले. कारण मालिकेपेक्षा तिच्यावरचं बोलणं रंगायला लागलं. पावसात डिशच्या छत्रीवरचा सिग्नल ऐन विनोदाच्या तोंडावर गेला की पोट्टे टाळ्या वाजवत. काका जेवायला बसले की ‘आता ठेचा मागनार’ अशी पैज लागे, आणि ते मागतच. पैज हरायला कोणी तयार नसल्यानं ती शेवटी बंद करावी लागली. 

मला भीती वेगळीच आहे. कोण काय पाहतं ते मोजणारी बार्क ही संस्था २०१५ पासून खेड्यांतलीही घरं धरते. निवडलेल्या घरी मीटर असतं. ते कार्यक्रमाच्या आवाजात दडवलेली खूण ओळखतं आणि घरातला प्रत्येकजण आपापलं बटण दाबून हजेरी लावतो. त्या मीटरला आवाज कळतो, सूर कळत नाही. आमच्याकडे ते असतं तर आबाजींपासून पोट्ट्यांपर्यंत सगळे या मालिकेचे निष्ठावंत प्रेक्षक म्हणून लागले असते, आणि मुंबईत कोणीतरी म्हणालं असतं, विदर्भात काका फार चालतात, पेटी मोठी करा.

पेटी तशीही मोठी झाली. मालिकेला उठाव नाही असं वाटलं असावं, कारण परवाच्या भागात काकांना हृदयविकाराचा झटका आला. हशा बंद, व्हायोलिन सुरू. दवाखान्याच्या खाटेवर डोळे उघडल्या उघडल्या त्यांनी डॉक्टरांना जवळ बोलावलं, भाच्याला खूण केली आणि खाटेखालून संत्र्याची नवीकोरी पेटी निघाली. आमच्याकडे श्रावण लागला होता. घरात असा हशा उठला की आबाजींनाही दाराकडे पाहावं लागलं नाही.

काकाजी मात्र हसले नाहीत. ते पेटीकडे एकटक पाहत होते. “मालच संपत नाई याचा,” ते म्हणाले. “कलमं कोन्या नर्सरीतून आनली थे इचारा याले कोनी. शेंदूरजन्याची तं नसन. आपुनबी लावू.”