चिप की ट्यूनर? टेक्ससच्या डिझेल पिकअपवरून ठाण्याच्या गाडीकडे

ठाण्याहून येणाऱ्या फर्माइशींत व्हिटॅमिनच्या गोळ्या आणि बदामांच्या जोडीला हल्ली एक नवी वस्तू असते: डिझेल गाडीची ‘चिप’. कोणाच्या भाच्याची स्कॉर्पिओ, कोणाची पनवेल-उरण मार्गावर चालणारी पिकअप. अमेरिकेत म्हणे डबा लावला की गाडी सुसाट पळते, तर येताना बॅगेत टाकून आणा. उत्तर आधीच देऊन टाकतो: आणू नये. पण का, हे कळण्यासाठी इथे टेक्ससमध्ये मंडळी ट्रकला नेमकं काय लावतात ते पाहायला हवं.

टेक्ससमध्ये ‘ट्रक’ म्हणजे कळंबोलीच्या लोखंड बाजारात रांगेत उभा असतो तो दहा चाकी नव्हे. इथला ट्रक म्हणजे पिकअप. आठवडाभर ऑफिसला जातो, शनिवारी बोट नाहीतर घोड्यांचा ट्रेलर ओढतो. जड वर्गातली डिझेल इंजिनं मुख्यतः तीन: रॅममध्ये सरळ सहा सिलिंडरचं कमिन्स, फोर्डमध्ये पॉवरस्ट्रोक आणि शेवर्ले-जीएमसीत ड्युरामॅक्स. २००१ च्या पहिल्या ड्युरामॅक्सला ३०० हॉर्सपॉवर आणि सुमारे ७०५ न्यूटन-मीटर टॉर्क होता. फोर्डच्या ताज्या ६.७ लिटर इंजिनाची तगडी आवृत्ती कारखान्यातूनच ५०० हॉर्सपॉवर आणि १,६२७ न्यूटन-मीटर घेऊन निघते. एवढं असताना त्यावर आणखी चढवायची गरज काय, हे सामान विकणारा विचारत नाही.

बाजारात ‘चिप’ या नावाखाली वेगवेगळ्या गोष्टी खपतात. खरीखुरी चिप आता फक्त जुन्या ट्रकांत उरली आहे. १९९४ ते २००३ च्या फोर्ड ७.३ लिटर पॉवरस्ट्रोकच्या संगणकाला मागच्या बाजूला एक उघडा स्लॉट असतो. चिप तिथे बसते आणि डॅशबोर्डवरच्या गोल खटक्याने चालत्या गाडीत इंजिनाचा नकाशा, म्हणजे डिझेल किती आणि कधी सोडायचं याचा तक्ता, बदलता येतो. बसवताना दोन्ही बॅटऱ्यांचे निगेटिव्ह आधी काढायचे आणि मग स्लॉटच्या पट्ट्यांवरचा कारखान्यातला चिकट थर तांबं चमकेपर्यंत साफ करायचा. इथेच बहुतेकांची घाई होते. थर थोडा जरी राहिला तरी खड्ड्यात आदळल्यावर गाडी चालता चालता बंद पडते, आणि बिचाऱ्या चिपला शिव्या बसतात.

दुसरा प्रकार ओबीडी सॉकेटमध्ये, म्हणजे मिस्त्री स्कॅनर लावतो त्या खाचेत, खोचायचा, हजार-दीड हजार रुपयांचा लुकलुकता प्लग. त्याच्याबद्दल एकच वाक्य पुरे: दिवे लागतात, बाकी काही होत नाही. हवेच्या तापमानाच्या सेन्सरवर लावायचा रेझिस्टरही त्याच लायकीचा.

तिसरा प्रकार म्हणजे डबा, आणि भारतातही ‘ट्यूनिंग बॉक्स’ म्हणून हाच विकला जातो. रेल म्हणजे सगळ्या नोझलांना दाबाखाली डिझेल पुरवणारी सामायिक नळी, आणि ईसीएम म्हणजे इंजिनाचा संगणक. डबा रेलचा दाब मोजणारा सेन्सर आणि ईसीएम यांच्या मधल्या कपलरमध्ये, म्हणजे वायरच्या जोडात, बसतो. करतो एवढंच की सेन्सरकडून आलेला आकडा कमी करून पुढे पाठवतो. समजा ईसीएमला रेलमध्ये १,४०० बार दाब हवा आहे आणि डबा दहा टक्के कापतो. रेलमध्ये १,४०० झाले तरी ईसीएमला १,२६० दिसतात, म्हणून ते पंपाला आणखी जोर लावायला सांगतं. त्याला १,४०० दिसतात तेव्हा रेलमध्ये प्रत्यक्षात साडेपंधराशेच्या वर दाब असतो. नोझल तेवढाच वेळ उघडं राहतं, पण डिझेल जास्त पडतं. वाढलेला जोर लगेच जाणवतो, त्यात खोटं काही नाही.

खोटं असतं ते ईसीएमला मिळणारं चित्र. जुन्या ५.९ लिटर कॉमन रेल कमिन्सची यंत्रणा कमाल १,६०० बारसाठी बेतलेली आहे. पूर्ण लोडवर ईसीएमने १,६०० मागितले की डब्याच्या कृपेने रेलमध्ये जवळपास १,७८० होतात. रेलचा प्रेशर लिमिटर, म्हणजे जादा दाब सोडून देणारा व्हॉल्व्ह, पुन्हा पुन्हा उघडू लागतो, त्याची सीट झिजते आणि मग तो बंद असतानाही गळतो. पुढची तक्रार ठरलेली: सकाळी स्टार्टर लांबतो, चढावर जोर तुटतो आणि स्कॅनरवर पी००८७, म्हणजे रेलचा दाब कमी असल्याचा कोड येतो. दाब वाढवायला लावलेल्या डब्याने शेवटी दाब कमी पडतो, आणि मिस्त्री पंप बदलायला सांगतो. पंपाला हात लावण्याआधी डबा काढून नोझलची रिटर्न लाइन आणि लिमिटरची गळती मोजा.

डब्याची आणखी एक गंमत ॲव्हरेजमध्ये आहे. डॅशबोर्डवरचा ॲव्हरेज ईसीएम स्वतःच्या समजुतीवर काढतं: इतका दाब, नोझल इतका वेळ उघडं, म्हणजे इतकं डिझेल. दाबच कमी कळवला तर खर्चही कमी धरला जातो आणि स्क्रीनवरचा आकडा सुधारतो. ‘डबा लावल्यापासून दोन किलोमीटर जास्त देते’ असं सांगणाऱ्यांपैकी बरेच जण हाच आकडा वाचत असतात. टाकी गळ्यापर्यंत भरा, गाडी चालवा, त्याच पंपावर पुन्हा तशीच भरा आणि लिटर मोजा. दुसरा कुठलाही पुरावा ग्राह्य धरू नये.

ट्यूनर मुळातच वेगळा. हा हातात धरायचा छोटा संगणक ओबीडी सॉकेटमधून ईसीएममधली मूळ फाइल वाचतो, ती जपून ठेवतो आणि नवी फाइल लिहितो. डिझेलचं प्रमाण, टायमिंग, रेलचा दाब, टर्बोची हवा, टॉर्कच्या मर्यादा हे सगळं एकमेकांशी जुळवून बदलता येतं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं शिफ्टिंगही बदलता येतं. ईसीएमला खरा दाब दिसत असल्यामुळे त्याचं संरक्षण शाबूत राहतं. मोठी चाकं लावली असतील तर स्पीडोमीटरही यानेच दुरुस्त होतो. अनेकांना ट्यूनरची खरी गरज एवढ्यापुरतीच असते.

लिहिण्याची पद्धत सोपी, पण चुकीला माफी नाही. बॅटरीला मेंटेनर लावून व्होल्टेज स्थिर ठेवा. दिवे, एसी, रेडिओ बंद, यूएसबीत काहीही खोचलेलं नको. इग्निशन ऑन, इंजिन बंद. फाइल लिहिली जात असताना दार उघडायचं नाही, फोन चार्जिंगला लावायचा नाही. वीज मध्येच ढासळली तर ईसीएम अर्धवट लिहिलेलं राहतं आणि गाडी टो करूनच न्यावी लागते. नव्या गाड्यांत कुलपंही आली आहेत. २०१७ पासूनच्या ड्युरामॅक्सचं ईसीएम एन्क्रिप्टेड आहे, तर २०१८ नंतरच्या रॅममध्ये सिक्युरिटी गेटवे आडवा येतो आणि बायपास केबल लागते.

बॅगेतून आणायचा प्रश्न इथेच निकाली निघतो. बहुतेक ट्यूनर पहिल्या वापरात त्या ट्रकच्या व्हीआयएनला, म्हणजे ओळख क्रमांकाला, बांधले जातात. त्या ट्रकवर मूळ फाइल परत चढवल्याशिवाय ते सुटत नाहीत, आणि काही तर पैसे भरल्याशिवाय सुटतच नाहीत. सेकंडहँड ट्यूनर स्वस्त दिसतो त्याचं कारण बहुधा हेच. नवा कोरा आणला तरी त्यात फाइल्स कमिन्स, पॉवरस्ट्रोक, ड्युरामॅक्सच्या. स्कॉर्पिओचं किंवा इनोव्हाचं ईसीएम तो ओळखणारच नाही. इंधनही वेगळं आहे: अमेरिकेत डिझेलचा सीटेन (ते किती चटकन पेट घेतं याचा आकडा) किमान ४०, भारतातल्या बीएस-६ डिझेलचा किमान ५१. गंधक तिकडे १५ पीपीएमपर्यंत चालतं, आपल्याकडे १० पर्यंत. टायमिंगचा नकाशा इंधन पाहूनच आखलेला असतो.

आता इथे ट्रेलर ओढणाऱ्यांसाठी. चिप घ्या नाहीतर ट्यूनर, त्याआधी पायरोमीटर, म्हणजे एक्झॉस्टचं तापमान दाखवणारा मीटर, बसवा. जुन्या ५.९ कमिन्स किंवा ७.३ पॉवरस्ट्रोकमध्ये टर्बोच्या आधीचं एक्झॉस्टचं तापमान लांब चढावर १,२५० फॅरेनहाइटच्या, म्हणजे सुमारे ६७५ सेल्सियसच्या आत ठेवायचं, हा जुना दंडक आहे. त्याचा प्रोब एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्येच, म्हणजे सिलिंडरांतून निघणारा धूर गोळा करणाऱ्या भागातच, हवा. टर्बोनंतर लावला तर लोडवर शंभर-दोनशे अंशांनी कमी दाखवतो आणि पिस्टन वितळत असतानाही काटा निवांत असतो. भोक पाडताना ड्रिलला आणि टॅपला भरपूर ग्रीस लावा, म्हणजे कीस चिकटून बाहेर येतो. आत राहिलेला कीस थेट टर्बोच्या पात्यांवर जातो. चढावर काटा चढला तर ॲक्सिलरेटर सोडा आणि खालचा गिअर टाका. फेरे वाढले की हवा वाढते आणि तापमान उतरतं. पुष्कळ जण नेमकं उलट करतात, वरच्या गिअरमध्ये पाय दाबून बसतात.

इंजिनाच्या आधी बहुधा गिअरबॉक्स हात टेकतो. रॅमच्या ६८आरएफई ऑटोमॅटिकची ख्याती त्या बाबतीत फारशी चांगली नाही. माल ओढायचा असेल तर तीस-चाळीस हॉर्सपॉवरच्या टोइंग ट्यूनवर थांबावं. ‘एक्स्ट्रीम’ नावाची फाइल मोकळ्या ट्रकसाठी असते, आणि तिचं मुख्य उत्पादन काळा धूर.

धुरावरून कायदा. २००७ पासून या ट्रकांना डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, आला. ट्यूनर वापरून तो काढणं, म्हणजे ‘डिलीट’ करणं, क्लीन एअर ॲक्ट या अमेरिकी कायद्याखाली बेकायदा आहे. ईपीए या अमेरिकी पर्यावरण संस्थेच्या २०२० च्या अहवालाचा अंदाज होता की आधीच्या दहा वर्षांत साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअपची प्रदूषण-यंत्रणा काढली गेली. टेक्ससमध्ये डिझेलला उत्सर्जन तपासणीच नाही, म्हणून लोक बिनधास्त असतात. नोकरी बदलून कॅलिफोर्नियाला गेलं की मात्र पंचाईत होते. तिथे जुलै २०२१ पासून स्मॉग चेकमध्ये, म्हणजे प्रदूषण तपासणीत, ईसीएमचं सॉफ्टवेअरच पडताळतात आणि कंपनीची मूळ नसलेली किंवा कार्बची, म्हणजे तिथल्या हवा-नियंत्रण मंडळाची, मान्यता नसलेली फाइल सापडली की गाडी नापास. घेताना उत्पादनावर कार्बचा ईओ क्रमांक, म्हणजे मान्यता क्रमांक, आहे का, आणि तो आपल्या मॉडेलला आणि वर्षाला लागू आहे का, एवढं तपासावं. वॉरंटीचं म्हणाल तर १९७५ च्या कायद्याने केवळ बाहेरचा पार्ट लावला म्हणून ती पूर्ण रद्द करता येत नाही. पण फुटलेल्या पिस्टनचा संबंध ट्यूनशी जोडणं डीलरला जड जात नाही.

ठाण्यात हिशेब आणखी कडक आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदलाला मनाई करतं. २०१९ च्या दुरुस्तीतल्या कलम १८२अ नुसार बेकायदा बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. विमा कंपनीला न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी अंगावर येतो. बीएस-६ गाडीत डीपीएफ आहे आणि घोडबंदर रोडच्या सरपटत्या ट्रॅफिकमध्ये तो आधीच काजळीने भरत असतो. डब्याने डिझेल वाढवलं की रीजनरेशन, म्हणजे ती काजळी जाळणं, वारंवार सुरू होतं, गायमुखच्या कोंडीत अर्धवट तुटतं, आणि न जळलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल वर चढलेलं दिसलं तर आनंद मानू नका, ते लगेच बदला. त्यात वाशी-ऐरोलीच्या खाडीची खारी हवा आणि चार महिने पाऊस. डब्याच्या जादा कपलरमध्ये हिरवा गंज धरला की सेन्सरचा आकडा उड्या मारतो.

गाडी ओढत नसेल तर आधी इंटरकूलरचे, म्हणजे टर्बोची हवा थंड करणाऱ्या जाळीचे, होज काढून आतून ऑइल आणि चीर पाहा. रबर दाबल्यावरच चीर दिसते. मग डिझेल फिल्टरमधलं पाणी, एअर फिल्टर, ईजीआरची (थोडा धूर पुन्हा इंजिनात पाठवणाऱ्या व्हॉल्व्हची) काजळी आणि चिकटलेला ब्रेक. दहा किलोमीटरनंतर चारही चाकांजवळ हात नेऊन उष्णता पाहिली तरी ब्रेक कळतो. ‘पिकअप गेला’ म्हणून आलेल्या किती तरी गाड्या एवढ्यावरच ताळ्यावर येतात.

तरीही रीमॅप, म्हणजे ईसीएममधली फाइल बदलणं, करायचंच ठरवलं, तर करणाऱ्याकडून मूळ फाइल आधी पेन ड्राइव्हवर घ्या आणि ईसीएमचा सॉफ्टवेअर क्रमांक सोबत लिहून ठेवा. ‘फाइल आमच्याकडे सेफ आहे’ असं म्हणणाऱ्याकडे गाडी देऊ नका. सर्व्हिस सेंटरला जाण्याआधी मूळ फाइल परत चढवा. तिथे अपडेट झालं तर क्रमांक बदलतो आणि पेन ड्राइव्हवरची जुनी फाइल त्यानंतर वापरायची नाही.