संघटनेचा अर्ज आणि डँट्रोलीनच्या 36 बाटल्या

भूलतज्ज्ञाचं काम बरंचसं एकट्याचं असतं. थिएटरमध्ये सर्जन असतो, परिचारिका असतात, पण भुलेबाबतचा निर्णय घेणारी तुम्ही एकटीच. दुसरा भूलतज्ज्ञ त्याच वेळी दुसऱ्या हॉस्पिटलात, त्याच्या टेबलाशी उभा. आपण करतोय ते बरोबर आहे की नुसतं अंगवळणी पडलंय, हे सांगायला शेजारी कुणी नसतं. शिक्षण संपवून स्वतंत्र काम सुरू केल्यावर काही वर्षं मी अशीच काढली. भूलतज्ज्ञांच्या संघटनेचा अर्ज खणात पडून होता. वर्गणी भरून हाती काय येणार, असं कुणाला विचारलं तर ‘सर्टिफिकेट आणि दरवर्षी कॉन्फरन्सचं आमंत्रण’ एवढंच उत्तर मिळायचं. तेवढ्यासाठी अर्ज भरावा असं कधी वाटलं नाही.

तो भरायला कारण झालं एक पत्र. मी जिथे काम करायचे त्या हॉस्पिटलात दुसऱ्या थिएटरला कॅप्नोग्राफ नव्हता. पेशंटच्या उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणारं हे यंत्र. श्वासनलिकेत घातलेली नळी खरोखर श्वासनलिकेत आहे की अन्ननलिकेत गेलीय, हे त्याच्याइतक्या खात्रीने आणि लवकर दुसरं काही सांगत नाही. मी मागणी केली. व्यवस्थापनाचं उत्तर आलं, ‘हे तुमचं वैयक्तिक मत आहे, आधीचे डॉक्टर त्याच्याशिवाय काम करत होते.’ मग माझ्या मागणीला आधार काय, हे लिहून द्यायला बसले.

शोधत गेले तसं एक गोष्ट स्पष्ट होत गेली. मी रोज ज्यांच्या जिवावर काम करत होते ती जवळजवळ सगळी मानकं कुठल्या ना कुठल्या डॉक्टर-संघटनेने तयार केलेली होती. अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने 1986 साली भूल देताना किमान काय काय पाहत राहायचं याचं मानक मंजूर केलं : ऑक्सिजन, श्वसन, रक्ताभिसरण, तापमान, आणि भूल चालू असेपर्यंत प्रशिक्षित माणूस खोलीत हजर. ब्रिटनमधली भूलतज्ज्ञांची संघटना 1932 पासून काम करते आहे. तिच्या मार्गदर्शक सूचना मी विद्यार्थी असताना पाठ केल्या होत्या, तेव्हा त्या कुणी लिहिल्या हा विचारही मनात आला नव्हता. जगभरच्या भूलतज्ज्ञांच्या संघटनांचा महासंघ 1955 साली स्थापन झाला. ज्या थिएटरांत पल्स ऑक्सिमीटरसुद्धा नव्हता तिथे तो पोचवणारी ‘लाइफबॉक्स’ ही संस्था 2011 साली उभी राहिली, त्यातही या महासंघाचा हात होता. ही मानकं लिहिणारे डॉक्टर माझ्यासारखेच दिवसभर थिएटरात असणारे. संध्याकाळी बसून, एकेका वाक्यावर वाद घालून त्यांनी हे केलं. त्या कामाचा उपयोग मी रोज करत होते.

माझ्या दुसऱ्या पत्राला मानक जोडलं होतं आणि स्थानिक शाखेच्या सचिवांच्या सहीचं शिफारसपत्रही. सचिवांनी ते मी सभासद नसताना दिलं, हे मला आजही मोठं वाटतं. ‘पेशंटच्या सुरक्षेचा प्रश्न आहे, सभासदत्वाचं नंतर बघू,’ असं ते म्हणाले. पुढच्या खरेदीत कॅप्नोग्राफ आला. त्याच आठवड्यात मी खणातला अर्ज काढला.

अर्जाची प्रक्रिया सोपी आहे, फक्त वेळ खाते. पदवी आणि पदव्युत्तर प्रमाणपत्राच्या प्रती, वैद्यकीय नोंदणीचा चालू दाखला, फोटो, सूचक आणि अनुमोदक म्हणून दोन सभासदांच्या सह्या. नोंदणीची मुदत संपत आली असेल तर आधी ती वाढवून घ्यावी, नाहीतर अर्ज तिथेच अडकतो. वार्षिक सभासदत्व घ्यायचं की आजीव, हा एक प्रश्न असतो. नवख्या डॉक्टरने आधी वार्षिक घ्यावं आणि शाखेचं काम पाहून मग ठरवावं, असं माझं मत आहे. अर्ज कार्यकारिणीपुढे जातो, मंजूर होतो, क्रमांक मिळतो. माझा अर्ज मधे काही काळ पडून राहिला, कारण कार्यकारिणीची बैठकच झाली नव्हती. सगळेच जण कामातून वेळ काढून हे करतात, तेव्हा एक-दोनदा फोन करून आठवण द्यायला संकोचू नये.

आणखी एक, संघटना दोन तऱ्हेच्या असतात : सगळ्या डॉक्टरांची एक सर्वसाधारण, आणि वैद्यकशास्त्राच्या प्रत्येक विषयाच्या तज्ज्ञांची वेगळी. कायदे, डॉक्टरांवरचे हल्ले, सार्वजनिक आरोग्याची धोरणं यांवर पहिली बोलते, रोजच्या कामाची गुणवत्ता दुसरी सांभाळते. मी सुरुवात दुसरीपासून केली. जमलं तर दोन्हीकडे असावं.

पहिल्या काही सभा साध्याच होत्या. मागच्या इतिवृत्ताचं वाचन, हिशेब, कुणाचा तरी सत्कार. मग एका महिन्यात केस-चर्चा ठेवली होती आणि त्या संध्याकाळी संघटना कशासाठी असते हे मला नीट कळलं.

लहानशा हॉस्पिटलात काम करणाऱ्या एका भूलतज्ज्ञाने केस मांडली. तरुण पेशंट, धडधाकट, साधी शस्त्रक्रिया. भूल देऊन काही वेळ झाला आणि कॅप्नोग्राफवरचा आकडा चढायला लागला. श्वासाचा वेग वाढवला तरी चढतच राहिला. नाडी जोरात, जबडा ताठ, मग अंग तापायला लागलं. मॅलिग्नंट हायपरथर्मिया. काही माणसांच्या स्नायूंमध्ये जन्मजात दोष असतो, एरवी तो सहसा दिसत नाही. भुलेचा ठराविक वायू किंवा सक्सिनिलकोलीन हे औषध मिळालं की स्नायू बेभान होऊन ऊर्जा जाळत सुटतात. 1960 साली ऑस्ट्रेलियातल्या डेनबरो आणि लव्हेल या दोन डॉक्टरांनी एका कुटुंबात भुलेखाली वारंवार होणाऱ्या मृत्यूंवरून हा आजार जगापुढे आणला. त्यावर नेमकं औषध एकच, डँट्रोलीन. ते मिळालं तर बहुतेक पेशंट वाचतात, ते येण्यापूर्वी बहुतेक दगावत.

त्या डॉक्टरांकडे डँट्रोलीन नव्हतं. त्यांनी वायू बंद केला, शुद्ध ऑक्सिजन जोरात सुरू केला, पेशंट गार करायला घेतला आणि शाखेच्या ग्रुपवर एक ओळ टाकली. कुणीतरी लगेच फोन करून कुठल्या मोठ्या हॉस्पिटलात साठा आहे ते सांगितलं, दुसऱ्याने तिथल्या औषध विभागाला उठवलं, तिसरा बाटल्या घेऊन स्वतः निघाला. पेशंट वाचला. पण डॉक्टर सभेत म्हणाले, ‘त्या वेळी ग्रुप कुणी पाहिला नसता तर?’ सभागृहात कुणाकडेच उत्तर नव्हतं.

आता या औषधाचं गणित पाहा. सुरुवातीचा डोस वजनाच्या दर किलोला 2.5 मिलिग्रॅम. म्हणजे 70 किलोच्या माणसाला 175 मिलिग्रॅम. नेहमीच्या बाटलीत 20 मिलिग्रॅम पावडर असते, म्हणजे पहिल्या डोसालाच 9 बाटल्या. प्रत्येक बाटलीत 60 मिलीलिटर निर्जंतुक पाणी घालून ती पूर्ण विरघळेपर्यंत हलवत राहावं लागतं. 9 बाटल्यांचं अर्धा लिटरहून जास्त द्रावण होतं आणि ते तयार करायला दोन-तीन माणसं फक्त त्याच कामाला लागतात, तेही एरवी प्रत्येक हात पेशंटला हवा असताना. एका डोसावर भागेलच असंही नाही. या आजारासाठी काम करणारी अमेरिकेतली संघटना 36 बाटल्या हाताशी ठेवायला सांगते. औषध महाग, बाटल्यांची मुदत संपत जाते, आणि भूलतज्ज्ञाच्या अख्ख्या कारकिर्दीत अशी केस एकदाही न येण्याचीच शक्यता जास्त. कुठलं लहान हॉस्पिटल एवढा साठा एकटं ठेवेल? आणि त्याने ठेवला नाही म्हणून त्याला नावं तरी कशी ठेवायची?

हे एकट्याने सुटणारं नव्हतं. त्याच सभेत सामायिक साठ्याचा ठराव झाला. मी हात वर केला आणि उपसमितीत गेले.

तो सगळा काळ माझ्या व्यावसायिक आयुष्यातला सगळ्यात समाधानाचा काळ म्हणून मी आजही सांगते, आणि तो चिकाटीच्या, कंटाळवाण्या कामाने भरलेला होता. साठ्याची मालकी कुणाची? एका हॉस्पिटलचं औषध दुसऱ्याच्या पेशंटला गेलं तर बिल कसं, नोंद कुणाच्या रजिस्टरला? रात्री औषध विभागाला कुलूप असेल तर किल्ली कुणाकडे? एका व्यवस्थापकांनी सही करायला कितीतरी वेळ घेतला, त्यांना भीती होती की उद्या काही बरंवाईट झालं तर जबाबदारी आपल्यावर येईल. त्यांची भीती खरी होती. आम्ही वकील-सभासदाला बरोबर नेलं, करारात एक कलम घातलं, तेव्हा सही झाली. मोठ्या हॉस्पिटलांनी साठा वाटून घेतला, लहानांनी खर्चात हिस्सा उचलला. मुदत संपत आलेल्या बाटल्या आधी वापरात येतील किंवा बदलून घेतल्या जातील, यासाठी एक तक्ता केला आणि तो दर महिन्याला तपासायचं काम माझ्याकडे आलं.

त्याबरोबर सराव आला. मुदत संपलेल्या बाटल्या आम्ही टाकल्या नाहीत, परिचारिकांना त्या विरघळवायचा सराव करायला दिल्या. एक ज्येष्ठ परिचारिका पहिली बाटली हलवून हलवून दमली आणि म्हणाली, ‘मॅडम, हे आम्हाला आधी कुणी सांगितलंच नव्हतं.’ भिंतीवर लावायचा तक्ताही केला : वायू बंद करा, मदत बोलवा, बाटल्या कोण विरघळवणार, फोन कोण करणार. वाचलेल्या पेशंटच्या नातेवाइकांना भेटून आजार आनुवंशिक आहे आणि भूल घेण्यापूर्वी प्रत्येकाने हे सांगितलंच पाहिजे, असं लेखी देण्याची पद्धतही तिथूनच पडली.

संघटनांबद्दल तक्रारी आहेत आणि त्यांत तथ्य आहे, हे मी टाळणार नाही. संघटना डॉक्टरांच्या खिशाची राखण करत पेशंटकडे पाठ फिरवू शकते, इतिहासात तसं झालंय. 1948 साली राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू होण्याआधी ब्रिटिश मेडिकल असोसिएशनच्या मतदानात बहुसंख्य डॉक्टर विरोधात होते. ज्येष्ठ नागरिकांच्या आरोग्यविम्याला अमेरिकन मेडिकल असोसिएशनने 1965 पर्यंत कडवा विरोध केला, आणि कृष्णवर्णीय डॉक्टरांना दूर ठेवण्याबद्दल याच संघटनेने 2008 साली जाहीर माफी मागितली. औषध कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या परिषदा हा आजचा दुखरा प्रश्न आहे. माझ्या मते या सगळ्याचं उत्तर बाहेर राहून मिळत नाही. आमच्या शाखेत कंपन्यांच्या प्रायोजकत्वाचा हिशेब सभासदांपुढे ठेवायचा नियम झाला, तो चार तरुण सभासदांनी सर्वसाधारण सभेत लावून धरला म्हणून. बाहेरून कुणी कितीही टीका केली असती तरी त्यांना मत नव्हतं.

दुसऱ्या बाजूचाही इतिहास आहे. 1947 साली स्थापन झालेल्या जागतिक वैद्यकीय संघटनेने पुढच्याच वर्षी जिनिव्हाची शपथ दिली, आणि 1964 साली माणसांवरच्या संशोधनाचे नियम सांगणारा हेलसिंकी जाहीरनामा. 2017 साली त्या शपथेत डॉक्टरने स्वतःच्या आरोग्याची काळजी घेण्याचंही वचन आलं. ते वाचून मला बरं वाटलं, कारण केस हातची गेल्यावर डॉक्टरची काय अवस्था होते हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. आमच्या शाखेत अशा वेळी दोन सभासद त्या डॉक्टरला भेटायला जातात. चौकशी करायला जात नाहीत, सोबत बसायला जातात. त्याचा लेखी नियम नाही, पण तो मोडलेला मी पाहिला नाही.

नवे डॉक्टर मला विचारतात, कुठल्या संघटनेत जावं? मी सांगते, तिची घटना मागा आणि वाचा. गेल्या वर्षीचे हिशेब विचारा. निवडणुका होतात की तीच नावं फिरत राहतात ते पाहा. आणि सभेला पाहुणे म्हणून एकदा बसा, तिथे सत्कार किती होतात आणि केसवर चर्चा किती, हे मोजा. केसवर मोकळेपणाने बोललं जात असेल तर डोळे मिटून अर्ज भरा.

आमच्या साठ्याचा एक प्रश्न अजून सुटलेला नाही. काही हॉस्पिटलं साठ्यापासून इतकी लांब आहेत की बाटल्या पोचेपर्यंत फार उशीर होईल. औषध द्यायचं ठरल्यापासून दहा मिनिटांत मिळालं पाहिजे, असं मार्गदर्शक सूचना सांगतात. म्हणून त्यांच्याजवळ निदान पहिल्या डोसाच्या 9 बाटल्या ठेवाव्यात आणि उरलेल्या मागून पोचवाव्यात, असा ठराव मी लिहून दिला आहे. अनुमोदक मिळाला आहे, खजिनदारांचा विरोध आहे. पुढच्या सर्वसाधारण सभेत तो मतदानाला येईल, आणि ज्यांचे अर्ज त्याआधी मंजूर होतील त्यांनाही त्यावर मत देता येईल.