कोकणकड्यावर फोर बाय फाइव्ह

एका कार्यालयाच्या भिंतीसाठी हरिश्चंद्रगडावरच्या कोकणकड्याची आठ फुटी प्रिंट हवी होती. एवढ्या मापाला चार बाय पाच इंचांची फिल्मच बरी, म्हणून सप्टेंबरअखेरीस लाकडी फील्ड कॅमेरा (घडी होणारा, मोठ्या फिल्मचा) घेऊन गडाच्या पायथ्याच्या पाचनईला पोचलो. सगळं सामान मिळून दहा-अकरा किलो. गावातल्या एका मामांना सोबत घेतलं. ट्रायपॉड त्यांच्या खांद्यावर, बाकीचं माझ्या सॅकमध्ये.

लोक विचारतात, एवढं वजन नेता कसं? वजन वाहता येतं हो. खरी गोम सामान कोणत्या क्रमाने बाहेर येतं त्यात आहे. माझ्या सॅकमध्ये सगळ्यात वर घडी केलेला कॅमेरा, तोही फोकस करताना डोक्यावर घ्यायच्या काळ्या कापडातच गुंडाळलेला. म्हणजे कापड वेगळं शोधायला नको. त्याखाली लेन्सबोर्डवर, म्हणजे कॅमेऱ्यात बसणाऱ्या पाटीवर चढवलेल्या ९० आणि १५० मिलिमीटरच्या लेन्स. लाइट मीटर, लूप (फोकस बघायचं भिंग), केबल रिलीज (शटर दाबायची तार) कमरेच्या पाऊचमध्ये. सहा होल्डर, प्रत्येकात दोन्ही बाजूंना फिल्मची एकेक शीट, म्हणजे बारा शीट, दोन-दोन होल्डर करून झिपच्या पिशव्यांत. शीटवरच्या सरकत्या झाकणाची, म्हणजे डार्क स्लाइडची पांढरी बाजू बाहेर असेल तर शीट कोरी, काळी असेल तर एक्स्पोज झालेली. ओल्या हातांनी, घाईत असलं काही आठवत बसावं लागू नये. फिल्म भरायची काळी पिशवी मात्र खाली गाडीतच ठेवली. वर भर पावसात शीट बदलण्याचा उद्योग मी करत नाही.

कड्यावर पोचलो तर समोर नुसतं पांढरं. कोकणातून वारा उसळून वर येत होता. ट्रायपॉडला वजन म्हणून सॅक टांगायला लागलो तसे मामा म्हणाले, "दादा, ती झोके खाईल अन् याला बी हलवील. पायांना धोंडे लावा." शिवाय जागाही त्यांनीच मागे घ्यायला लावली, एका खडकाच्या आडोशाला. तिथून कड्याची आत वळलेली कमान बाजूने दिसणार होती. कॅमेरा खाली न झुकवता फक्त लेन्सची पाटी थोडी खाली सरकवली, दरीचा भाग फ्रेममध्ये आला.

मग वाट बघणं. अधूनमधून ग्राउंड ग्लास, म्हणजे चित्र दिसतं ती कॅमेऱ्यामागची दुधी काच, पुसायचा, कारण कापडाखाली आपल्याच श्वासाने तो धुरकटतो. ते कापडही शिडासारखं फुगत होतं; मामांनी दोन्ही टोकं धरून ठेवली.

धुकं फाटलं तेव्हा पुढे सोनकी पिवळीधमक डोलत होती. लेन्स पुढे कलवून फुलं आणि कडा दोन्ही शार्प करता आले असते, पण एफ २२ एवढ्या बारीक छिद्राला शटर १/८ सेकंद येत होतं. एवढ्या वेळात डोलणाऱ्या फुलांचा पिवळा राडा झाला असता. मी फुलं सोडली, फ्रेम कड्यावर नेली. होल्डर सरकवला, स्लाइड ओढली, झुळूक ओसरली तसं बटण दाबलं. चार शीट झाल्या आणि पुन्हा सगळं झाकलं गेलं.

"दाखवा की," मामा म्हणाले. फिल्म धुवायला पुण्याला जाणार म्हटल्यावर त्यांनी नुसती मान हलवली आणि ट्रायपॉड उचलला.

प्रिंट लागली. त्या कार्यालयाचे आर्किटेक्ट अजून विचारतात, पुढे थोडी फुलं नव्हती का हो मिळाली?