आमची वाटचाल : सांधा न दिसणारं काम

१९९१च्या डिसेंबरात चित्रपट प्रमाणपत्राची नवी मार्गदर्शक तत्त्वं निघाली. त्याच सुमारास सेन्सॉरने सांगितलेले कट करायला आणि प्रमाणपत्राचं काम पाहायला आम्ही मुंबईत महालक्ष्मीला खोली घेतली. स्टीनबेक, म्हणजे फिल्म संकलनाचं टेबल, भाड्याचं; फिल्म कापून जोडायचा स्प्लायसर मात्र स्वतःचा. तो अजून ऑफिसात आहे, पात्याची धार शाबूत आहे. ३५ एमएम फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम. कटची लांबी फूट-फ्रेममध्ये लिहायची, कापलेला तुकडा सेन्सॉर बोर्डाकडे जमा करायचा आणि सांधा पडद्यावर कळू द्यायचा नाही. आमच्या हातचा सांधा कधी कुणाला दिसला नाही.

मग तो मराठी चित्रपट आला. वारीतली म्हातारी विठोबाला तोंडाला येईल ते बोलते. धार्मिक भावना दुखावतील म्हणून संवाद म्यूट करायला सांगितलं गेलं. आमच्याच खोलीत शिकून पुढे स्वतंत्र झालेल्या एकाने निर्मात्याला परस्पर गाठलं : अख्खा सीन काढा, लगेच सर्टिफिकेट आणतो. आम्ही बोर्डाच्याच पुनर्विचार समितीकडे गेलो. जनाबाईने विठ्ठलाला कसं फैलावर घेतलंय, तो अभंग अर्जाला जोडला. चित्रपट समग्र परिणाम पाहून तपासावा, हे मार्गदर्शक तत्त्वांतच लिहिलेलं आहे. चित्रपटाच्या प्रमाणपत्रावरूनच झालेल्या रंगराजन खटल्याच्या १९८९च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कसोटी सामान्य समंजस माणसाची मानली, अतिसंवेदनशील माणसाची नाही. तेही मांडलं. सीन एकही शब्द न जाता पास झाला.

पण रिलीजची तारीख हुकली, वितरक फिरला आणि निर्मात्याने आमचं बिल अडवलं. आमच्याकडे शिकून गेलेल्या त्या गृहस्थाने लॅमिंग्टन रोडच्या नाझ बिल्डिंगभर, म्हणजे वितरकांच्या ऑफिसांत, पसरवलं की आम्ही बोर्डाशी भांडतो. काम बंद पडलं, भाडं थकलं. तेव्हा कोल्हापूरच्या अण्णांनी पुढच्या चित्रपटाचे सगळे पैसे आगाऊ दिले. "विठोबाशी भांडणारी माणसं तुम्हाला कळतात, माझा सिनेमा तुमच्याकडेच," एवढंच म्हणाले. त्यांचं प्रत्येक चित्र आजही आमच्याकडेच येतं.

बोर्डाच्या निर्णयाविरुद्ध दाद मागायचं अपील न्यायाधिकरण २०२१मध्ये बंद झालं. आता दाद मागायची तर थेट उच्च न्यायालय, म्हणजे वकिलाचा खर्च. म्हणून नव्या निर्मात्यांना सांगतो : प्रमाणपत्र हातात येईपर्यंत तारीख जाहीर करू नका. संवादाची प्रत पडद्यावरच्या शब्दाशी जुळवा. विधी, जत्रा, देवाचं सोंग असेल तर त्याचा आधार अर्जासोबतच द्या, हरकत निघायची वाट पाहू नका. आणि "सर्टिफिकेट आणून देतो" म्हणणाऱ्याला आधी विचारा, चित्रपट कोणत्या तत्त्वांवर तपासायचा ते सांगणारं सिनेमॅटोग्राफ कायद्याचं कलम ५बी वाचलंय का.

त्या सीनचं बिल अजून येणं आहे.