बाटलीला वास नव्हता

तीन वर्षांपूर्वी, मे महिन्यात, माझ्या आईच्या डाव्या स्तनातली गाठ तालुक्याच्या गावी एका लहान रुग्णालयात काढली, तेव्हा ती साधीच असणार असा सगळ्यांचा समज होता. काढलेली गाठ बाटलीत घालून माझ्या हाती देण्यात आली. शनिवारची संध्याकाळ होती, जळगावची प्रयोगशाळा बंद झाली होती, म्हणून ती बाटली सोमवारपर्यंत आमच्या फ्रिजमध्येच राहिली.

अहवालात इन्व्हेसिव्ह डक्टल कार्सिनोमा, म्हणजे दूधनलिकेतून बाहेर पसरू लागलेला कॅन्सर, आकार २.८ सेंटिमीटर, ग्रेड २ असे होते आणि त्याखाली ईआर निगेटिव्ह, पीआर निगेटिव्ह, हर-टू २ प्लस. ईआर आणि पीआर म्हणजे पेशींतले इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही हार्मोन पकडणारे रिसेप्टर, आणि हर-टू हे पेशींना वाढीचा संदेश देणारे प्रथिन. "काय लिखेल शे त्यामा?" मायने विचारले, आणि मला सांगता येईना. नातेवाइकांनी ग्रेड २ म्हणजे दुसरी स्टेज असा अर्थ लावून रडारड सुरू केली होती. प्रत्यक्षात ग्रेड ही पेशींची ठेवण असते: त्या नळ्यांसारखी रचना कितपत करतात, त्यांची केंद्रके कशी दिसतात आणि त्या किती वेगाने विभागतात, या तिन्हींना प्रत्येकी १ ते ३ गुण देऊन केलेली बेरीज. मायची बेरीज ६ होती. ६ किंवा ७ आली की ग्रेड २.

जळगावच्या कॅन्सरतज्ज्ञांनी मात्र अहवाल दोनदा वाचला. बासष्ट वर्षांचे वय आणि मध्यम ग्रेड, अशी गाठ बहुतेकदा हार्मोनवर पोसलेली असते, मग ईआर आणि पीआर दोन्ही निगेटिव्ह कसे, असा त्यांचा प्रश्न होता. नंतर त्यांनी मला विचारले, "भाऊ, बाटलीला वास येत होता का?" आत फॉर्मालिन, म्हणजे नमुना टिकवणारे द्रावण, असते तर झाकण उघडताच डोळ्यांतून पाणी आले असते. मी रस्त्यात झाकण घट्ट बसवताना ती बाटली नाकाशी धरली होती आणि वास कसलाच नव्हता. ते सलाइन, म्हणजे नुसते मिठाचे पाणी, होते. गाठ काढल्यापासून तासाभराच्या आत फॉर्मालिनमध्ये जायला हवी आणि त्यात ६ ते ७२ तास राहायला हवी, नाहीतर रिसेप्टर नष्ट होऊन ईआर खोटाच निगेटिव्ह येऊ शकतो, हे मला तेव्हा कळले.

गाठीचा तुकडा बसवलेला मेणाचा ब्लॉक फेरतपासणीसाठी नेण्याचे काम माझ्याकडे आले. काड्यापेटीहून लहान प्लास्टिकची चौकट, तिच्यात पिवळट मेण, मेणात करड्या रंगाचा तुकडा आणि कडेला पेन्सिलीने लिहिलेला क्रमांक. बाहेर ४४ अंश तापमान. मेण वितळेल या भीतीने मी तो स्टीलच्या डब्यात, ओल्या फडक्यात गुंडाळून नेला. पॅथॉलॉजिस्ट बाई हसल्या. हे मेण साठ अंशांच्या आसपास वितळते, फक्त उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवू नका, एवढेच त्या म्हणाल्या. त्यांना आढळले ते असे, की त्या तुकड्यातल्या निरोगी नलिकांनाही रिसेप्टर दाखवणारा रंग चढला नव्हता, जो एरवी चढतोच. म्हणजे गाठ निगेटिव्ह आहे असे म्हणताच येत नव्हते, चाचणीच फसली होती.

पुढच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या एका लसीकाग्रंथीत कॅन्सर सापडला. या वेळी नमुना फॉर्मालिनमध्ये पडताना मी दाराशी उभा राहिलो, ते कोणाला आवडले नाही. ईआरला ८ पैकी ८ गुण, पीआरला ६, म्हणजे दोन्ही पॉझिटिव्ह. हर-टू पुन्हा २ प्लस, म्हणजे अधांतरी, म्हणून हर-टूच्या जनुकाच्या प्रती मोजणारी फिश चाचणी केली. ती निगेटिव्ह आली. "मंग माले गोळी लागू पडी का?" मायने विचारले. लागू पडणार होती.

किमो आणि किरणोपचार झाले. आता रोज एक लेट्रोझोल, म्हणजे इस्ट्रोजेन कमी करणारी ती गोळी, निदान ५ वर्षे. सकाळी गुडघे धरतात, हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून घनता तपासावी लागते आणि कॅल्शियमची गोळी ती कळण्याच्या भाकरीबरोबर कुरकुरत घेते.

दोन्ही ब्लॉक आमच्या कपाटात, सातबाऱ्याच्या पिशवीत आहेत. पुढे कुठे गाठ आलीच तर तिचे रिसेप्टर जुन्यांशी ताडून पाहावे लागतात, कारण ते बदललेले असू शकतात, असे सांगून डॉक्टरांनी ते जपून ठेवायला लावले आहेत.